वाकलेल्या माणसाचा घोटा

सूनबाईनं गुरुवारी ऑफिसला सुट्टी घेतली आणि मला म्हणाली, "आई, तलावाकाठी शिल्पांचं प्रदर्शन लागलंय. सकाळी आपण दोघीच जाऊन येऊ या."

मी हो म्हणाले, पण 'दोघीच' हा शब्द कानात अडकून बसला. चार वर्षं आम्ही सर्जापूर रोडवर एकाच फ्लॅटमध्ये राहतोय. ती नागपूरची, मी चिकोडीकडची. भांडण कधी नाही, पण दोघींनीच मिळून कुठं जायची वेळही कधी आली नव्हती. हक्काची सुट्टी घालवून सासूला मूर्ती दाखवायला नेते, म्हणजे काहीतरी बोलायचं असणार. चिकोडीचं आपलं घर बंद पडलंय, तिकडची हवा बरी, असं मुलगा मागच्या महिन्यात दोनदा म्हणाला होता. मला गावी पाठवायचा बेत दिसतो, असा मी आपला धागा जुळवला आणि चप्पल घातली.

मी संशयी आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणते, ती माझी नोकरी होती. इथल्याच बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग आमच्या टेबलावर यायचे आणि आम्ही बायका ते बारक्या हातोडीनं वाजवून बघायचो. धड भाग घंटेसारखा वाजतो. आत भेग असली तर आवाज बसका येतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. माझ्या पहिल्या सुपरवायझरबाई सांगायच्या, "जिथं रंग जास्त गुळगुळीत, तिथं आधी बघ. कुणीतरी तिथं जास्त मेहनत घेतलीय. का घेतली, ते विचार." ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. भाजीवाल्याकडं मी वरचा टोमॅटो कधी उचलत नाही.

तलावाकाठच्या फरसबंद वाटेवर वीस-बावीस शिल्पं मांडली होती. एका बाजूला पाणी, पलीकडं काचेच्या ऑफिसांची रांग. दगडाची एक म्हैस होती, ती मला आवडली. तारेचा एक मोठा गोळा होता, तो कशाचा ते पाटी वाचूनही कळलं नाही. सून फोटो काढत होती, मी तिच्याकडं बघत होते. ती मधेच थांबायची, तोंड उघडायची आणि "आई, हे बघा किती छान," असं काहीतरी म्हणून पुढं जायची. विषय काढायचा धीर होत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मीही तिला वाट करून दिली नाही. जिला मला गावी पाठवायचंय, तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणावं.

वाटेच्या शेवटी तो माणूस उभा होता. लोखंडी पत्र्यांचे तुकडे जोडून केलेला, दोन पुरुष उंच, पाण्यात स्वतःचं तोंड बघायला वाकलेला. एक पाय मागं उचललेला, म्हणजे सगळा भार दुसऱ्या पायाच्या घोट्यावर. आणि त्याच्या छातीखाली, बरोबर सावलीत, लोक हौसेनं उभे राहून फोटो काढत होते.

"आई, तुम्ही तिथं उभ्या राहा ना, मस्त फोटो येईल," सून म्हणाली.

मी पुढं गेले आणि थांबले. अख्खा माणूस गंजाच्या रंगाचा, खडबडीत, हात लावला तर ओरखडा उठेल असा. घोटा मात्र तुळतुळीत. रंग तोच, पण नवा. बोटभर रुंदीचा एक पट्टा, बांगडीसारखा पायाभोवती फिरलेला.

पर्समधून घराची किल्ली काढली आणि पोटरीवर वाजवली. टण्ण. मग घोट्यावर. भद्द.

"अक्का, मुट्टबेडी!" हात लावू नका म्हणत पहारेकरी धावत आला. साठीच्या आसपासचा, माझ्याच वयाचा. मी त्याला कानडीतच म्हटलं, "अण्णा, हात नाही लावत, आवाज ऐकते. तुम्हीही ऐका." आणि पुन्हा दोन्हीकडं वाजवून दाखवलं. तो मागं सरकला, आणि तेवढ्यावरून मला कळलं की याला काहीतरी ठाऊक आहे.

मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला, संयोजकांपैकी. त्यानं काय झालं ते विचारण्याआधीच घोट्याकडं नजर टाकली, मग माझ्याकडं. हा क्रम मी टिपला. ज्याला काहीच माहीत नसतं तो आधी आरडाओरडा करणाऱ्या माणसाकडं बघतो.

"मॅडम, सगळं इंजिनिअरनं तपासलेलं आहे," तो हिंदीत गोड आवाजात म्हणाला. "आर्ट आहे हे. असं ठोकायचं नसतं."

"आत भेग आहे. वर पुट्टी भरून रंग मारलाय. त्या लोकांना खालून बाजूला करा."

तो हसला. ते हसू मला ओळखीचं होतं. कारखान्यात माल घाईनं बाहेर काढायचा असला की मोठे साहेब असेच हसायचे. दोन-चार लोक जमले, कुणीतरी मोबाइल वर धरला. माझे कान तापले. आता सून माझा दंड धरून मला घरी नेणार, संध्याकाळी मुलगा म्हणणार, आईला सगळीकडं खोटच दिसते, आणि चिकोडीचं तिकीट निघणार, एवढं सगळं माझ्या डोक्यात तिथल्या तिथं होऊन गेलं.

सुनेनं खरंच माझा दंड धरला. पण मला मागं ओढलं नाही, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं त्या तरुणाला इंग्रजीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द मोजून, की माझ्या सासूबाईंनी सव्वीस वर्षं हेच काम केलंय. त्या भेग आहे म्हणतात तर भेग आहे. तुम्ही आत्ता इथं दोरी बांधा आणि शिल्पकाराला बोलवा, नाहीतर मी आवाजासकट व्हिडिओ काढते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती कशी बोलते ते मी दाराआडून ऐकलं होतं. तो आवाज माझ्या बाजूनं कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

दोरी लागली. शिल्पकार तासाभरानं आला. पन्नाशीचा, केसांत लोखंडाची धूळ, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. ते हात बघून माझा निम्मा संशय उतरला. तो गुडघे टेकून बसला, माझ्या हातातली किल्ली मागून घेतली, दोनदा वाजवलं. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्या गुळगुळीत पट्ट्यात टोचला. पुट्टीचा पापुद्रा सुटून खाली पडला. आत घोट्याच्या निम्म्याहून जास्त भागात भेग होती, पातळ, काळी, करंगळीच्या नखाएवढी खोल तर सहज.

"ही माझी पुट्टी नाही," तो हळूच म्हणाला. तेव्हा पहारेकरी पुढं आला आणि कानडीत म्हणाला, "सार, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी क्रेननं उतरवताना पडला होता. यांनी मला गप्प बसायला सांगितलं." ओळखपत्रवाला तरुण तोवर फोन कानाला लावून लांब गेला होता.

शिल्पकारानं त्या तरुणाला शिवी दिली नाही. तो बराच वेळ त्या भेगेवरून अंगठा फिरवत बसला. मग मला म्हणाला, "अम्मा, बाकीचे पण एकदा वाजवून बघाल? स्वल्प उपकार होतील." मी सगळी वाट परत फिरले, पण धातूची होती तेवढीच वाजवली. सगळी धड होती. खरं सांगायचं तर चौथ्या-पाचव्यानंतर मला भेग सापडावी असंच वाटू लागलं होतं, आणि स्वतःचीच थोडी लाज वाटली.

दुपारी क्रेननं येऊन वाकलेल्या माणसाला आडवं घातलं. आम्ही एका बाकावर बसून ते बघत होतो. सून नारळपाणी पीत म्हणाली, "आई, मला तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं. सकाळपासून जमत नाहीये."

"विचार," मी म्हटलं, आणि चिकोडीच्या घराचं कुलूप डोळ्यांसमोर आलं.

"मला ही नोकरी सोडायचीय. सहा महिन्यांपासून मला झोप लागत नाही. यांना अजून सांगितलं नाही. माझ्या आईला सांगितलं तर ती रडेल. तुम्ही एवढी वर्षं नोकरी केली, कधी सोडावीशी वाटली होती का?"

मी तिच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला चार महिने दिसत होती आणि मी त्यांचा अर्थ असा लावला होता की मी तिला घरात जड झालेय. टोमॅटो उलटून बघणारी बाई, घरातलं माणूस मात्र वरूनच बघत आले.

"तीनदा," मी म्हटलं. "एकदा तर राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत घेऊन गेले होते. पण ते माझं. तू माझ्यावरून ठरवू नकोस. त्याला मात्र आजच सांग. आज सांगितलंस तर तो चिडेल. महिनाभरानं सांगितलंस तर त्याला वाटेल, आणखी काय काय लपवलंय."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मुलगा चिडला, दोन दिवस धड बोलला नाही, मग फ्लॅटच्या हप्त्यांचं गणित मांडून बसला. पावसाळा संपता संपता तिनं राजीनामा दिला. आता सकाळी आठ वाजेपर्यंत ती झोपलेली असते आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत नाही.