हल्या सापडेपर्यंत

आमच्या फिल्म क्लबाचे अध्यक्ष म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर. जगातल्या कुठल्या देशात कसले सिनेमे निघतात ते त्यांना तोंडपाठ. फक्त गोंदियात ते कोण बघणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. लॅपटॉप माझा, म्हणून सचिव मी. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी दुपारी परदेशी माणसं भिंतीकडे बघत बसलेली बघायची, असा माझा तो हंगाम चालला होता.

हॉल एका राइस मिलवाल्या शेठजींचा. लग्नाचा हॉल, रविवार दुपारी रिकामा असायचा म्हणून त्यांनी फुकट दिलेला. शेवटच्या शोच्या आधी त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"मॅडम, बुरा मत मानना. पंखे बीस चलते हैं और आदमी आठ. कोचिंगवाला रोज हॉल मांगता है. आखिरी शो में हॉल भर के दिखाओ, नहीं तो अगले सीजन से राम-राम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दर्जेदार प्रेक्षक मोजायचे नसतात." मी म्हटलं, "सर, हॉल फुकट देणारा मोजणारच!" आणि माणसं जमवायला तडक कामठ्याची बस धरली.

कामठा माझं माहेर. बाबूजी तिथे धानाची शेती करतात. बियाण्यासाठी, डॉक्टरसाठी ते गोंदियाला कितीदा येतात, पण माझ्या घराची पायरी चढत नाहीत. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हा त्यांचा जुना कायदा. त्यावरून मी दोनदा भांडले, एकदा रडले. कायदा तसाच राहिला.

"म्हंजे मंडईच हाय का?" सगळं ऐकून बाबूजींनी विचारलं.

मला बसची घाई होती. "तसंच समजा," मी म्हणाले. चूक झाली ती तिथे.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे बोलवायचे, जेवूखाऊ घालायचं आणि नाटकाला न्यायचं. नाटकातलं काही आवडलं की वन्समोअर. नटानं ते नाकारलं असं मी तरी कधी ऐकलं नाही.

रविवारी हॉलसमोर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उभ्या राहिल्या. सतरंज्या, लेकरं, मुरमुऱ्याची गाठोडी, आणि तिरोड्याहून खास बोलावलेले कुणाचे तरी व्याही. शेठजी दाराशी उभे राहून बघतच राहिले. सरांनी सिनेमाच्या सुरुवातीला 'मौनाचं सौंदर्य' या विषयावर भाषण केलं. उद्घाटन झालं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमा कुठल्याशा दूरच्या डोंगराळ मुलखातला. एक म्हातारा धान पिकवतो. त्याचा हल्या, म्हणजे नांगराचा रेडा, दोर सोडून पळतो आणि म्हातारा त्याला शोधत फिरतो. संपली गोष्ट. बोलणं जवळजवळ नाहीच. आमच्या आठ जणांना असले सिनेमे पाहून गाढ झोप लागते.

पडद्यावर बायकांची रांग चिखलात धानाची रोवणी करू लागली आणि हॉलमधून आरोळी आली, "वन्समोअर!"

मी सरांकडे पाहिलं. सर ताठ झाले. "मॅडम, चालू द्या. सिनेमात वन्समोअर नसतो."

"काऊन नसते?" गर्दीतून बाबूजींचा आवाज. "मशीन त तुह्याजवळच हाय ना वं?"

एका बाजूला कला, दुसऱ्या बाजूला भरलेला हॉल. मी सिनेमा मागे नेला. सरांनी डोळे मिटून घेतले.

मग काय, सोकावलेच. हल्या दोर सोडून पळाला, तेव्हा तर हॉलची ग्रामसभा झाली. एक गट म्हणे म्हाताऱ्यानं गाठ ढिली बांधली. दुसरा म्हणे गाठ पक्की होती, दोरच सडका. निकाल लागेना, म्हणून पुन्हा दाखव. पुन्हा पाहूनही लागेना. मी वैतागून पुढे जाणार, तोच मागून शेठजी ओरडले, "मॅडम, एक बार और! वो रस्सीवाला!"

या भानगडीत संध्याकाळ झाली. म्हातारा शेवटच्या टेकडीवर चढत होता. पलीकडून घंटेचा आवाज आला, त्यानं मान वळवली, आणि पडद्यापुढे फुलवाला शिडी लावून उभा राहिला. हॉलमध्ये साखरपुडा होता. वऱ्हाड जिन्यात खोळंबलेलं. मला लॅपटॉप बंद करावा लागला.

जो गोंधळ उठला, तो नवऱ्या मुलाच्या आईलाही आपल्या स्वागताचा वाटला असावा.

"अर्धं नाटक पाहून मंडईतून कोनी घरी जाते का?" बाबूजी कडाडले. "हल्या भेटला का नाई?"

सगळ्यांनी शेठजींना घेरलं. शेठजींचा चेहरा त्यांच्याहून कासावीस. "अगले इतवार," ते म्हणाले. "पूरा दिखाना मॅडम. कोचिंगवाले को मैं देख लूंगा."

पुढच्या रविवारी तीन ट्रॉल्या. मी राहिलेला शेवट लावायला गेले, तर नवे पाहुणे बसलेले. "यायनं पयलं पाह्यलं नाई, सुरूपासून लाव!" सुरूपासून लावला. दोराशी येऊन पुन्हा भांडण पेटलं, आणि पुन्हा संध्याकाळ झाली. त्या दिवशी बारसं होतं.

तेव्हापासून असंच चाललंय. सरांनी हंगाम वाढल्याचं जाहीर केलं. ते आता चर्चा सिनेमाच्या आधी उरकतात आणि परवा स्वतः 'दोरच सडका' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं बोलले.

बाबूजी दर रविवारी येतात. ट्रॉली लवकर पोचते, उन्हात कुठे उभं राहायचं, म्हणून पहिल्यांदा ते माझ्या घरी आले, तेव्हा मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते प्यायलं. स्वयंपाकघरात जाऊन मी डोळे पुसले आणि चहा ठेवला. आता तर चहात साखर कमी पडली तर तसं सांगतातही.

गेल्या रविवारी बशीत चहा ओतता ओतता त्यांनी हळूच विचारलं, "तुले त मालूम असन. भेटते का वं हल्या?"

मी तो सिनेमा घरी शेवटपर्यंत पाहिला आहे. हल्या सापडत नाही. घंटा दुसऱ्याच कुणाच्या जनावराची निघते.

"चहा घ्या बाबूजी," मी म्हटलं, "उशीर होऊन राहिला."