खुर्चीखालचं नाव

समस्त मराठी जनांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या मावशीने परवा भर दुपारी, हातही न लावता, एका महाराजांची खुर्ची काढून घेतली.

जुन्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तिथे दोरीपलीकडे दोन फ्रेंच खुर्च्या होत्या. अंगभर सोन्याचा मुलामा, निमुळते पाय, पाठीवर कोरलेली फुलांची माळ. पाटीवर लिहिलेलं, ‘महाराजांच्या खुर्च्या’.

“केल्या कुणी?” मावशीने विचारलं.

“महाराजांनी फ्रान्सहून आणल्या, आजी,” धूळ पुसणारे शिपाई म्हणाले.

“आणल्या, ते कळलं. केल्या कुणी?”

शिपायांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक खुर्ची हळूच कलती केली. वर सगळा थाटमाट. खाली मात्र साधं लाकूड, पटाशीच्या खुणा आणि ठोकून उमटवलेलं कारागिराचं नाव. मला तो कारागीर दिसायला लागला. मुलामा देणारा दुसरा, बसणारा तिसरा. याच्या वाट्याला खालची बाजू. पिढ्यानपिढ्या बडी मंडळी त्याच्या नावावर बसून गेली असतील, आणि कुणी वाकून पाहिलं नसेल. तरी त्याने नाव किती सरळ ठोकलं होतं.

मावशीच्या स्वयंपाकघरात चमच्यापासून पातेल्यापर्यंत सगळ्यांवर नाव घातलेलं आहे. शेजारी गेलेला डबा परत यावा म्हणून. ती दोरीवरून वाकली आणि त्या नावालाच मोठ्याने म्हणाली, “बरं केलंस बाबा, नाव घातलंस. नाहीतर महाराजांचीच झाली असती.”