चायनीजच्या काउंटरला नाही म्हटलं

मंडळी, आज दुपारपासून इतकं हलकं वाटतंय की सांगितल्याशिवाय राहवेना.

लातूरला मी आणि माझे मिस्टर लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतो. मागच्या सीझनला चायनीज, पास्ता, पाणीपुरी, जो जे मागेल ते केलं. बाहेरून माणसं आणायची, त्यांच्या मागं पळायचं, अन् तोवर आमचाच स्वयंपाक गार. मिस्टरांचं बीपी वाढलं. म्हणून यंदा ठरवलं, फक्त साधी पंगत. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, जिलेबी.

आज सकाळी लोह्याहून एक काका मुलीच्या लग्नाचं विचारायला आले.

"चायनीज न्हाई? मग पाव्हणे काय म्हणतील?" असं म्हणून उठलेच.

यंदाची पहिली मोठी ऑर्डर होती. मिस्टर म्हणाले, "हाव म्हणून टाकायचं होतं ना!" पण काकांना मी थांबवलं नाही.

दुपारी काका परत आले, सोबत काकू. काकू दारातूनच म्हणाल्या, "ताई, तुम्ही नवीन होता तेव्हा माझ्या भाचीच्या लग्नाला तुमचंच जेवण होतं. शेवटच्या पंगतीला बी पुरी गरम होती. मला तेच पाहिजे. ह्यांचं ऐकून काही वाढवू नका."

काका हसले अन् लग्नाची तारीख सांगितली.

ते गेल्यावर मिस्टरांनी तारीख वहीत लिहून घेतली. भीती वाटत होती ती गिऱ्हाईक तुटायची, अन् आलं ते आम्हाला हवं तसं गिऱ्हाईक.

तुम्ही तुमच्या धंद्यातलं काय सोडलं? आणि त्यानंतर कोण आलं?