ओल्या बोटाची दुरुस्ती

भाईंदरच्या नवघरला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, बाहेरून रंग नव्हता आणि पाणी एक दिवसाआड यायचं. पण फळा होता. जिन्याच्या तोंडाशी, मीटरच्या पेटीशेजारी, चांगला चार फुटी काळा फळा. त्यावर सोसायटीच्या नोटिसा लिहायचं काम माझ्या सासऱ्यांकडे होतं. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो.

अण्णा गिरणीच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि रात्रशाळेत शिकून हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. लालबागची खोली विकून भाईंदरला आले तेव्हा त्यांच्याकडे करायला काही नव्हतं. फळ्याने त्यांची संध्याकाळ भरून काढली. आधी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे कच्ची नोटीस. मग सुतळीला खडूची पूड चोळायची, तिचं एक टोक वॉचमनने धरायचं, दुसरं अण्णांनी, आणि मधे चिमटीने ताणून टण्‌कन सोडायची. फळ्यावर सरळ रेघ उठायची. अशा पाच-सहा रेघा मारल्या की लिहायला सुरुवात. लिहून झालं की अण्णा वर येत नसत. गेटशी उगाच उभे राहत. सातच्या सुमारास स्टेशनवरून माणसं यायची, फळ्याशी थबकून वाचायची. तेवढं पाहून झालं की मग वर यायचे आणि म्हणायचे, "चहा टाका."

नोटिसा इंग्रजीत असायच्या. बिल्डिंगमध्ये गुजराती होते, मारवाडी होते, एक केरळचं कुटुंब होतं आणि आमची चार मराठी घरं. हिंदीत लिहिलं की नोटीस भांडायला आल्यासारखी वाटते, असं अण्णांचं मत होतं.

आता माझ्याविषयी. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सेकंड क्लास. पण सासरी ते सांगताना मी असा आवाज लावायचे की ऐकणाऱ्याला फर्स्ट क्लासच ऐकू यावा. लग्नात रुखवतावर भांड्यांच्या शेजारी माझी जाडजूड डिक्शनरीही मांडली होती, माझ्याच हट्टाने. त्या डिक्शनरीला घरात कोणी हात लावत नव्हतं. तिचं ओझं मी तेवढं डोक्यात घेऊन फिरायचे.

एका सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन वर येताना फळ्याकडे नजर गेली. दुपारी दोन ते चार सर्वांनी शांत राहावं, असं अण्णांना म्हणायचं होतं. 'क्वाएट'ची शेवटची दोन अक्षरं इकडची तिकडे होऊन 'क्वाइट' झालं होतं आणि सर्वांनी 'बऱ्यापैकी' राहावं, असा हुकूम निघाला होता. मला तांदळात खडा लागल्यासारखं झालं. जिन्यात कोणी नव्हतं. दुधाच्या पिशवीवरचं पाणी बोटाला लागलेलंच होतं. त्या बोटाने दोन अक्षरं पुसली, मीटरच्या पेटीवरचा खडू घेतला, नीट लिहिली आणि वर येऊन पोहे भिजवले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं. अण्णांची लाज राखली, तीही कुणाला कळू न देता.

मग सवयच लागली. पाणी वाया घालवू नका म्हणताना अण्णांनी 'लूज'मध्ये एक 'ओ' जास्त घालून ते 'सैल' सोडू नका असं लिहिलं, तेही मी सुधारलं. एकदा 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग चुकून सोसायटीच्या तत्त्वांच्या जागी हेडमास्तर येऊन बसले होते, त्यांना उठवलं. दर वेळी तेच: पहाट उजाडलेली, जिना रिकामा, ओलं बोट.

तिसऱ्या खेपेनंतरची संध्याकाळ. अण्णा गेटशी उभे होते, मी इस्त्रीचे कपडे घेऊन येत होते. तळमजल्यावरची गुजराती भाभी फळ्यापाशी उभी होती. ती हसून म्हणाली, "अंकल, आपका मास्तर कौन है? रोज सुबह कॉपी चेक करके जाता है."

बाजूचे दोघं-तिघं हसले. अण्णाही हसले. म्हणाले, "अच्छा है ना, इस उमर में फुकट का ट्यूशन मिल रहा है." पण त्या दिवशी ते सात वाजेपर्यंत थांबले नाहीत. माझ्या मागोमागच वर आले आणि चहा टाका म्हणाले नाहीत.

भाभीला कसं कळलं, हे मला कळेना. मी तर अगदी तसंच, त्याच वळणाचं अक्षर काढलं होतं.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी विषय काढला. "असला रिकामटेकडा कोण आहे गं बिल्डिंगमध्ये? सांगायचं तर तोंडावर सांगावं माणसाने."

मी पोळी वाढत होते. 'मीच ती' म्हणायला दोन शब्द पुरले असते. बी.ए.ला इतके शब्द शिकले, हे दोन काही तोंडातून फुटले नाहीत. उलट मी म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले असतील. त्यांना फार हौस आहे इंग्रजीची."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आमटी वाढ जरा."

बँकवाले काका अण्णांचे दोस्त. रोज सकाळी दोघं केबिन रोडला भाजी आणायला बरोबर जायचे. आता यांच्यात बिनसणार आणि ते माझ्यामुळे, या धास्तीने मला झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशीही दोघं पिशव्या घेऊन बरोबर गेले, हसत परत आले. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस, बँकवाल्यांना माफ करून टाकलं. माझी अक्कल तेव्हा इथपर्यंतच चालायची.

पुढच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. अण्णा उठून म्हणाले, "मला हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही. फळ्याचं काम आमच्या सूनबाईंकडे द्या. तिचं इंग्रजी चांगलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसले. घरी मात्र अण्णा त्या संध्याकाळी बल्ब न लावता पेपर वाचत होते.

फळा माझ्याकडे आला. सुतळीचा खेळ मला जमेना, म्हणून अण्णा खाली येऊन रेघा मारून द्यायचे. रेघा झाल्या की हात झटकून निघून जायचे. मी काय लिहिते ते बघायला थांबायचे नाहीत.

दुसऱ्याच नोटिशीत माझ्याकडून एक अक्षर गळलं. सवयीने बोट ओलं केलं, पुसलं, लिहिलं. तेव्हा ते बाकीच्यापेक्षा फिकटच दिसत होतं. दुपारी मुलीला बालवाडीतून आणायला निघाले. परत येताना गेटातूनच फळा दिसला आणि माझे पाय थांबले. सगळी नोटीस मळकट पांढरी होती आणि तेवढा एकच शब्द चुन्याने काढल्यासारखा लख्ख चमकत होता. ओल्यावर लिहिलेला खडू वाळला की असा उठून दिसतो, हे मला माहीत नव्हतं. पहाटे गुपचूप सुधारलेले ते तिन्ही शब्द दिवसभर असेच चमकले असणार. स्टेशनवरून येणाऱ्या माणसांनी आधी तेच वाचले असणार. आणि अण्णा गेटशी उभे राहून, वाचणाऱ्यांची तोंडं बघत होते.

मी मुलीचा हात धरून किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. तिने विचारलं, "आई, तुला वाचता येत नाही का?"

त्या दिवशी घरी जाऊन अण्णांना सगळं सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही ठरवलं. मग पावसाळा आला, पापड-कुरडयांचे डबे भरायचे राहिले होते, सासूबाईंचे दात काढले. न सांगण्यासाठी संसारात कारणांना तोटा नसतो.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी पाण्याची टाकी साफ करायची होती. मंगळवारी दिवसभर पाणी बंद. मी सोमवारी सकाळी घाईघाईत नोटीस लिहिली, कुकर लावून आले होते. तासाभराने अण्णा भाजीबाजारातून वर आले. दोन मजले चढून गुडघा धरून दारात उभे राहिले. हातात पिशवी नव्हती. स्वयंपाकघरात सासूबाई होत्या, शेजारीण डाळीची वाटी परत द्यायला आली होती. अण्णा आत येऊन टेकले. पाणी प्यायले, बसून राहिले. शेजारीण गेली, सासूबाई आंघोळीला गेल्या, तेव्हा ओट्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माझी पिशवी खाली फळ्याच्या खिळ्याला राहिली बघ. घेऊन ये. येताना तो वार एकदा बघ."

मी निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तितकाच हळू. "फडकं कोरडं घेऊन जा."

मी वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

खाली फळ्याच्या खिळ्याला अण्णांची खाकी पिशवी लटकत होती, बरोबर वाराचं नाव झाकून. पिशवी उचलली. मंगळवारच्या जागी मी गुरुवार लिहिला होता. इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात आणि माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या. अख्खी बिल्डिंग दुसऱ्या दिवशी कोरडी पडली असती आणि माझ्या नावाने शंख झाला असता. अण्णांच्या चुकांनी कुणाचा एक तांब्याही अडला नव्हता.

कोरड्या फडक्याने पुसलं, लिहिलं. कुठे काही बदललंय, असं जवळून पाहिलं तरी कळत नव्हतं.

वर आले तेव्हा अण्णा पेपर उघडून बसले होते. मी समोर उभी राहिले. म्हणाले, "अण्णा, ते मागे फळ्यावर..."

"मेथी आहे पिशवीत," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "निवडायला घे. सुकेल नाहीतर."

मी खाली बसून मेथी निवडली. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून काड्याही भाजीत गेल्या. जेवताना त्या अण्णांच्या दातांत आल्या असणार. त्यांनी भाजी आणखी एकदा मागून घेतली.