सोंगट्या धुणाऱ्या काकू

तांब्या असो की पितळी डबा, काकू तो जमिनीवर टेकवण्याआधी खाली फडकं टाकायच्या. फडकं हाताशी नसलं तर पदर. दुसऱ्या कुणाच्या हातून भांडं आदळलं की त्यांची नजर आधी दाराकडे जायची. "हळू रे," त्या म्हणायच्या, "बाहेर ऐकू जातं."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. सगळ्यांना ते थोडं वेडसर वाटतं, आणि त्याच्यावाचून गल्ली पुरी होत नाही. आमच्या कुरुंद्यात या काकू होत्या. जपानची लढाई संपल्यावर त्या मलायातल्या पिनांगहून परत आल्या. यजमान तिथे एका गोदामात कारकून होते. ते तापाने तिथेच गेले. काकू आमच्या शेजारी, भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. सोबत आणलं होतं ते एवढंच : पत्र्याची ट्रंक, एक जाड घोंगडी आणि सोंगट्यांची लाकडी पेटी.

सोंगट्या हाडाच्या होत्या, पाठीला बांबूची पट्टी आणि तोंडावर चिनी अक्षरं कोरलेली, कुठे आकडा तर कुठे वाऱ्याची दिशा. या चिनी खेळाला चौघं लागतात, प्रत्येकापुढे सोंगट्यांची एक उभी रांग. काकू, माझी आई, धाकटी बहीण आणि मी, असे आम्ही दुपारचे घोंगडी पसरून बसू लागलो. पहिला डाव संपला तेव्हा काकू म्हणाल्या, "धुवा आता." आई उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

काकू तोंडावर पदर धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पाणी न्हाई वो वैनी! तिकडं पिसायला धुणं म्हणतात. असं." आणि दोन्ही तळवे सोंगट्यांवर ठेवून त्या गोल गोल फिरवू लागल्या. घोंगडीवर आवाज कसला तो नाहीच.

पिनांगला त्यांच्यासोबत तिघी खेळायच्या. शेजारी शिवणकाम करणारी एक चिनी बाई, तिची नणंद आणि एक तमिळ नर्स. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती.

"मग तुमी बोलायच्या काय?" बहिणीने विचारलं.

"बोलायचं काहून? सोंगटी कशी टाकली त्यावरून कळतं. आज हिचं डोकं दुखून राहिलंय, आज हिच्या घरून कागद आलाय. आमचे हे आजारी पडले तवा तिघी पाळीपाळीनं उशाशी बसल्या. बोलता येत नव्हतं तर काय बिघडलं?"

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा होता. एव्हाना सगळं गावच हळू बोलायला शिकलं होतं. कितीतरी घरं कुलूप लावून वऱ्हाडात निघून गेली होती. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या कपाटात बंदी असलेली पत्रकं सापडली. ती मीच ठेवली होती. पोलीस मला शोधताहेत हे कळलं तेव्हा काकू परसदारी येऊन एवढंच म्हणाल्या, "हिकडं ये." त्यांच्या मागच्या खोलीत भावाच्या हळदीची पोती रचलेली होती. मी तिथे लपलो. आई आणि बहीणही भिऊन तिथेच आल्या.

"नुसतं बसलं की भ्या वाढतं," काकू म्हणाल्या. "हात चालू ठिवा." आणि त्यांनी घोंगडी पसरली. त्याच दिवशी त्यांनी त्या घोंगडीची गोष्ट सांगितली.

"शिवणवालीचा भाऊ तुझ्यावानीच मास्तर होता. जपानी शिपाई त्याला हुडकून राहिले होते. तिनं त्याला माडीवर लपवलं. आमी खाली खेळायचो, घोंगडीवर. येक दिवस घोंगडी मी धुऊन वाळत घातली. आजच्या दिवस चालंल, असं मीच म्हणले. सोंगट्यांचा आवाज रस्त्यावर गेला. कसला आवाज म्हणून शिपाई आत आले."

"आन् मग?" आईने विचारलं.

"नेलं त्याला. तिनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई वैनी. मी निघाले तवा ही पेटी तिनंच दिली."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दारावर काठी आपटली. मी पोत्यांमागे शिरलो. शिरल्यावर आठवलं, माझ्या सोंगट्यांची रांग बाहेर तशीच उभी आहे. बायका तीन आणि रांगा चार.

"मास्टर किधर है?" जमादाराचा आवाज आला.

"इथं आमी बायाच हावोत, जमादारसाहेब."

हळदीची धूळ नाकातोंडात गेली. मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, तरी एक ठसका निसटलाच.

त्याच क्षणी बाहेर काहीतरी कोसळलं. काकूंनी खालची घोंगडी ओढून घेतली होती. चारी रांगा उघड्या फरशीवर आदळल्या. "धुवा वैनी! धुव गं पोरी!" आणि सहा हात सोंगट्या फरशीवर घासू लागले. हजार चिमण्या घरात शिरल्यासारखा तो कलकलाट होता. तो खेळ असा वाजतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

"इत्ता शोर कायकू?"

"खेळ हाय साहेब. याला आवाज व्हतोच."

"और ये क्या लिखेला है?" जमादाराने एक सोंगटी उचलली होती.

आई सांगायची, काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात थांबले नव्हते. "हवा," त्या म्हणाल्या. "पूर्वेची हवा."

"हवा! बुढ्ढी पागल है." जमादार हसला, ती सोंगटी खिशात टाकून शिपायांसह निघून गेला.

मी बाहेर आलो तरी काकू धूतच होत्या. डोळे मिटलेले, बोटांची सालं निघालेली. शेवटी आईने त्यांची मनगटं धरली. "बाई, गेले ते. पोरगं हाय."

काकूंनी डोळे उघडले. "मास्तर हाय?" त्यांनी विचारलं. "वाचला?"

त्या कोणत्या मास्तराबद्दल विचारत होत्या, मला अजूनही सांगता येत नाही. मी फक्त "व्हय काकू" म्हणालो.

पुढे सप्टेंबरात राज्य पालटलं. हरवलेल्या सोंगटीच्या जागी काकूंनी हळकुंडाचा तुकडा कापून ठेवला आणि खेळ चालू राहिला, घोंगडीवरच. मी शिकायला बाहेर गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होऊन परतलो आणि पदवीचा कागद आईच्या आधी काकूंच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा डोळ्यांना लावला. मग खाली ठेवताना आधी फडकं पसरलं आणि त्यावर कागद ठेवला.

त्या गेल्याची तार मला उशिरा मिळाली. मी पोचलो तेव्हा खोल्या झाडून ठेवल्या होत्या. त्यांच्या भावाने पाणी दिलं. ते पिऊन मी पेला खाली ठेवला. फरशीवर तो खणकन वाजला. मी दाराकडे पाहिलं आणि तसाच थांबलो. हळू, असं कुणी म्हणालं नाही.