तारा वांढरेची छोटी मोटार

महाल या जुन्या वस्तीतल्या वांढऱ्यांच्या घरी बोलणं चाले ते मोटारींचंच. आजोबा देवाजी पारशिवनीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं बस चालवून घरी बसलेले, वडील गिरिधर यांचं गॅरेज, काका टॅक्सीवर. तारा आठ वर्षांची झाली, तेव्हा, म्हणजे एकोणसत्तरच्या सुमारास, गिरिधररावांनी तिच्यासाठी एक मोटार बांधली.

खरीच मोटार, फक्त बाजेएवढी. लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि भंगारातल्या स्कूटरचं इंजिन. शहरातल्या काही हौशी मंडळींनी मुलांसाठी अशा छोट्या मोटारींच्या शर्यती सुरू केल्या होत्या. गावाबाहेरच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारायच्या, वळणांवर गवताचे भारे ठेवायचे. हिवाळाभर दर रविवारी वांढऱ्यांचं अख्खं घर तिथे जाई.

पहिल्या वर्षी ताराला मजा वाटली. ती जिंकली की काका तिला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरत. पुढे मात्र ते सगळं अंगावर येऊ लागलं. इंजिनाच्या थरथरीनं हात बधिर व्हायचे, सोमवारी शाळेत पेन धरवायचा नाही. केसांना पेट्रोलचा वास यायचा, म्हणून बाकावरची मैत्रीण जरा सरकून बसायची. शर्यतीच्या सकाळी अर्धीच पोळी मिळे, कारण वजन वाढलं की गाडी मागे पडते.

"पोरीले पोटभर खाऊ द्या जी," आई, यमुताई, म्हणायची.

"दुपारी खाईन ना पोरगी," गिरिधरराव म्हणत.

तारानं कधी तक्रार केली नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पडून घरी येणारे बाबा भिंतीकडे तोंड करून निजत, कोणाशी बोलत नसत. रविवारी मात्र ते दाढी करत, गुणगुणत. ते गुणगुणणं थांबवायचा तिला धीर होत नव्हता.

बाराव्या वर्षी ती झपाट्यानं उंच झाली. गुडघे स्टेअरिंगला लागू लागले. तेही तिनं सांगितलं नाही. पाय फाकवून कशीबशी बसायची.

त्या हिवाळ्यातल्या शेवटच्या शर्यतीत ती दुसरी होती. डावीकडचं वळण आलं आणि गुडघा स्टेअरिंगखाली अडकला. चाक वळेना. गाडी गवताच्या भाऱ्यांत शिरून उलटली आणि तारा बाजूला फेकली गेली. उठता येत होतं, पण ती उठली नाही.

गिरिधरराव धावत आले. आधी गाडीशी वाकले, पेट्रोल बंद केलं, मग तिच्याकडे वळले.

"लागलं का वं, तारा?"

"पहिले गाडीकडे गेले तुम्ही."

"पेट्रोल सांडून राहिलं होतं, बेटा. पेट घेतला असता."

ते खरं होतं, आणि तिला कळतही होतं. तरी तिला रडू फुटलं.

"मी थकली, बाबा. मले नाही चालवायची आता."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमाले तेवढीच एक खुशी होती."

गिरिधरराव तिच्याशेजारी गवतावर बसले. पलीकडून बाकीच्या गाड्या आवाज करत गेल्या, पुन्हा आल्या.

"मीबी थकलो, तारा," ते शेवटी म्हणाले. "हप्ताभर लोकाईच्या गाड्या अन् रविवारी हे. पण मले वाटे, तुहं मन रमून राहिलं. बंद कसं कराव?"

तेवढ्यात काका ओरडत आले. "उचला, उचला! फेऱ्या बाकी आहेत अजून!"

दोघंही जागचे हलले नाहीत.

काका कितीतरी दिवस चिडून होते. देवाजींनी त्यांना एवढंच म्हटलं, "जन्मभर बस चालवली मी. मले विचार, थकणं काय असते ते." पुढच्या रविवारी घरात काय करावं ते कोणालाच सुचेना. गिरिधरराव दुपारपर्यंत झोपले. यमुताईंनी कोणाला उठवलं नाही. नंतर एक दिवस गिरिधररावांनीच छोटी मोटार खोलली आणि सुटे भाग गॅरेजच्या कामांत वापरून टाकले.

तारा पुढे रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या कार्यालयात कारकून झाली. ती कुठलीच गाडी चालवायला शिकली नाही. कंबर गेल्यामुळे गॅरेज बंद करून बसलेल्या गिरिधररावांनी एकदा विचारलं, "लुना घेऊन देऊ का तुले?"

"नको, बाबा. बस बरी आहे. खिडकीपाशी बसलं का थकली म्हणून कोणाले सांगा लागत नाही."

त्यांनी मान हलवली आणि जरा सरकून तिला बाजेवर जागा करून दिली.