ग्लॅडिएटर नव्हे, हमाल

"सराईत मारामारी करणारा इसम." रिपोर्टमधली ही ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

इरा, नीरव, तुमची आजी म्हणजे सापडलेली हाडं वाचणारी डॉक्टर. दिघ्याजवळ नाल्याच्या कामात एक सांगाडा निघाला, म्हणून रिटायर झालेल्या मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. रिपोर्ट लिहिला होता माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, निनादने.

बाहेर बाकावर साताऱ्याकडची शेवंताबाई बसली होती. तिचा नवरा एपीएमसी मार्केटमध्ये हमाल. चार वर्षांपूर्वी कामावर गेला, तो परतलाच नाही. सांगाडा त्याचाच असेल म्हणून ती आली होती. पण रिपोर्ट म्हणतो गुंड, मग तिची तक्रार कोण बघणार? सांगाड्याची बेवारस म्हणून विल्हेवाट लागणार होती.

"हे कशावरून लिहिलंस?"

"मॅडम, डाव्या हाताचं हाड मोडून जुळलंय. कवटीवर भरलेला घाव. तुमचंच लेक्चर! ग्लॅडिएटर!"

रोममध्ये लोकांच्या करमणुकीसाठी झुंजायचे ते ग्लॅडिएटर. त्यांच्या हाडांवर असे घाव दिसतात, हे मीच शिकवलं होतं.

"आणि पुढचं, बेल वाजल्यावर सांगितलेलं? ते झुंजणारे होते हे थडग्यांवरच्या शस्त्रांच्या चित्रांवरूनही कळलं. नुसत्या घावांवरून नाही! घाव भरले म्हणजे कोणीतरी उपचार केले, जपलं. आणि हे मानेचे मणके बघितलेस?"

मणके झिजून चपटे झाले होते. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहणाऱ्याचे होतात तसे.

प्रकरण बघणारे इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? मेला तो मेला."

"बाकावर बसलीय ती जिवंत आहे, साहेब."

मी बाहेर जाऊन शेवंताबाईंना एवढंच विचारलं, "मालकांना कधी लागलं होतं?"

"गोण्यांची थप्पी कोसळली व्हती अंगावर. डावा हात मोडला, डोस्क्यात खोक पडली. दीड महिना म्याच आंगूळ घातली त्यास्नी. पानी गार हाय म्हनून निस्ती कुरकुर!"

मग त्यांच्या मुलीचं रक्त घेतलं. डीएनए जुळला. शेवंताबाईंचे मालक नाल्यात कसे पोचले, याची चौकशी तेव्हा कुठे सुरू झाली.

हाडं ताब्यात घेताना शेवंताबाईंनी एकच विचारलं, "हात सरळ बसला व्हता न्हवं?"

"अगदी सरळ."

ती ओळ मी निनादला त्याच्याच हाताने खोडायला लावली. अर्ध्या लेक्चरवर रिपोर्ट लिहू नये. आणि शिकवणारीने महत्त्वाचं वाक्य बेल वाजल्यावर सांगू नये.